नंदीध्वज का पडत नाही आणि पायाच्या शिरा का फुगतात

एक फूटपट्टी घ्या आणि तळहातावर उभी तोलून बघा. दहा वेळा प्रयत्न केला तरी ती पडेल. आता जळमटं काढायचा लांब झाडू घ्या, दांड्याचं टोक तळहातावर टेकवा आणि झाडूचा भाग वर ठेवा. थोड्या सरावानं तो पाच-सात सेकंद सहज उभा राहतो. हात तोच, डोळे तेच, माणूस तोच. मग फरक कशानं पडला?

आम्हा सोलापूरकरांना हा प्रश्न दरवर्षी संक्रांतीच्या आसपास रस्त्यावर भेटतो. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज मिरवणुकीनं निघतात. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस पंचवीस-तीस फुटांची सजवलेली काठी कमरेशी पेलतो आणि गर्दीतून, वळणांवरून, उंचसखल रस्त्यावरून चालत राहतो. 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' असा गजर उठतो, काठी किंचित कलते, तो दोन पावलं पुढे सरकतो आणि काठी पुन्हा सरळ होते. श्रद्धा आणि कित्येक दिवसांचा सराव यांच्याशिवाय हे होत नाही. पण त्या काठीची उंचीसुद्धा त्याच्या बाजूनं असते, आणि ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते.

कललेली काठी पडते ती वजनामुळे. काठीची लांबी दुप्पट केली आणि वजन तेवढंच ठेवलं, तर तिला पाडणारा जोर दुप्पट होतो. पण काठीला टोकाभोवती फिरवायला जो आळस असतो, ज्याला पुस्तकात जडत्व म्हणतात, तो मात्र चौपट होतो. जोर दुप्पट, आळस चौपट. म्हणजे लांब काठी पडते हळू. हिशेब मांडला तर पडण्याचा वेळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. एक फुटाच्या पट्टीचा कल सुमारे ०.१४ सेकंदात पावणेतीन पट होतो. तीस फुटांच्या सरळ काठीला तेवढंच कलायला ०.७९ सेकंद लागतात. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. पट्टीच्या बाबतीत आपण कायम उशिरा पोहोचतो. नंदीध्वजाच्या बाबतीत आपल्या हातात वेळ उरतो, आणि त्या उरलेल्या वेळात सराव कामाला येतो.

घरी करून बघायचं असेल तर काठीच्या एका टोकाला बटाटा खोचा. बटाटा वर ठेवून काठी तोलणं सोपं जातं, बटाटा हाताशी ठेवून अवघड. पहिल्यांदा करणाऱ्याला उलटं वाटतं. वजन वर गेलं की आळस वाढतो, पडणं लांबतं, एवढंच त्यामागचं कारण. आणि नजर काठीच्या टोकावर हवी, कारण कल तिथे सगळ्यात आधी दिसतो.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. वर्गात निम्मी मुलं बी ग्रुपची, म्हणजे गणित सोडून बायोलॉजी घेतलेली. त्यांतल्या एका मुलीनं गेल्या वर्षी विचारलं, "ओ सर, मला डॉक्टर व्हायचंय. हे ठोकळे, दोऱ्या, उतार मला कशाला?" विचारताना तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, खरी अडचण होती. बोलता बोलता तिनं सांगितलं की तिचे वडील पूर्व भागात यंत्रमागावर आहेत, दिवसभर उभं राहून त्यांच्या पायाच्या शिरा दोरीसारख्या फुगल्यात, आणि डॉक्टरांनी उभं राहणं कमी करायला सांगितलंय. मी तिला म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या घरातच आहे, पण तिथे पोहोचायला थोडं लांबून यावं लागेल. हा लेख म्हणजे तो लांबचा रस्ता.

न्यूटननं १६८७ मध्ये गतीचे नियम छापले तेव्हा ते ग्रहांसाठी एक आणि माणसांसाठी दुसरे असे लिहिले नाहीत. कुठलीही वस्तू घ्या, तिच्यावर कोणती बलं लागतायत ते बघा, ती कुठे लागतायत ते बघा, मग ती कशी हलेल ते सांगता येतं. या सगळ्या शास्त्राला अभिजात यामिकी म्हणतात. शरीराला लावताना त्यात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा: वस्तूचं माप किती? नियम बदलत नाहीत. पण माप बदललं की कोणतं बल जिंकणार ते बदलतं. पट्टी आणि नंदीध्वज यांच्यात झालं ते हेच.

आता स्वतःकडे बघा. उभा माणूस म्हणजे घोट्यावर तोललेली काठीच. आपल्या उंचीच्या काठीला तो पावणेतीन पट कल यायला साधारण एकतृतीयांश सेकंद लागतो. आपण निवांत उभे आहोत असं वाटतं तेव्हाही शरीर सतत थोडं पुढेमागे डोलत असतं आणि पोटऱ्यांचे स्नायू ते सावरत असतात. डोळे मिटून एका पायावर उभं राहिलं की हे डोलणं लगेच जाणवतं. वय वाढलं की प्रतिसाद मंदावतो. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झाली तर कल उशिरा कळतो. घरातली आजी हातात काठी घेते तेव्हा ती नुसता आधार घेत नाही, जमिनीवरचा आपला पाया रुंद करून घेते. गुरुत्वमध्य, म्हणजे अंगाचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू, त्या रुंद पायाच्या आत राहिला की पडण्याचा प्रश्न मिटतो.

चालणं तर याहून सुंदर आहे. चालताना आपण टेकलेल्या पायावरून अंग पुढे नेतो; पाय सरळ, अंग त्याच्यावरून कमानीत जातं. उलटा टांगलेला लोलक म्हणा. कमानीच्या माथ्यावर वेग थोडा कमी आणि उंची जास्त, खाली येताना उंची कमी आणि वेग जास्त. उंचीची ऊर्जा वेगात आणि वेगाची उंचीत अशी उलाढाल होत राहते, म्हणून चालणं स्वस्त पडतं. पण कमानीत जाणाऱ्या वस्तूला मध्याकडे ओढणारं बल लागतं आणि इथे ते काम गुरुत्वाकर्षणच करतं. वेग फार वाढला तर गुरुत्वाकर्षण पुरत नाही, पाय जमिनीवरून सुटू लागतो. म्हणजे चालण्याला वरची मर्यादा आहे, आणि ती पायाच्या लांबीवर ठरते. प्रत्यक्षात माणसं ती मर्यादा यायच्या बरीच आधी, वेगाचा वर्ग हा गुरुत्वत्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो तो आकडा) गुणिले पायाची लांबी याच्या निम्म्यावर आला की, धावायला लागतात.

आकडे घालू. मोठ्या माणसाचा पाय ०.९ मीटर धरला तर हा वेग ताशी साडेसात किलोमीटर येतो. पाच वर्षांच्या पोराचा पाय ०.४५ मीटर धरला तर ताशी सव्वापाच. आमच्या सोलापूरच्या नवी पेठेत आई घाईत निघाली की ताशी साडेपाच-सहानं चालते. तिचा हात धरलेलं पोर चार पावलं चालतं आणि दोन पावलं पळतं. आपण त्याला म्हणतो, 'नीट चाल की.' त्याच्या पायाच्या लांबीला त्या वेगानं नीट चालणं झेपतच नाही. मला हा हिशेब समजला तेव्हा लहानपणी ऐकलेली कितीतरी रागावणी डोळ्यांसमोर आली.

हेच समीकरण चंद्रावर नेऊ. तिथे गुरुत्वाकर्षण आपल्या एकषष्ठांश. मोठ्या माणसाची धावायला लागण्याची मर्यादा ताशी तीन किलोमीटरवर येते, म्हणजे इथली रमतगमत चाल. १९६९ पासून चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांची चित्रफीत बघा. ते चालण्यापेक्षा उड्या मारत पुढे जातात. अवजड पोशाखाची अडचण होतीच, पण मूळ कारण नवी पेठेतल्या त्या पोराचंच आहे.

डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या बायका आपण पाहिलेल्या आहेत. १९८६ मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचं ओझं त्या डोक्यावरून नेत, आणि तरी त्यांना लागणारा प्राणवायू वाढत नव्हता. पुढे १९९५ मध्ये त्याचं कारण पुढे आलं: ओझं आलं की त्यांच्या चालीतला लोलक आणखी चोख चालतो, उंची आणि वेग यांच्या उलाढालीत कमी ऊर्जा वाया जाते. पुढच्या काही अभ्यासांत सगळ्याच बायकांमध्ये हे आढळलं नाही, म्हणून याला सरसकट नियम म्हणू नये. पण कष्ट करणाऱ्या बाईच्या चालीत शिकण्यासारखं यंत्रशास्त्र असतं, हे शास्त्रज्ञांनी प्राणवायू मोजून पाहिलं, याचं मला फार अप्रूप आहे.

तरफेची गोष्ट थोडक्यात सांगतो. पहारीनं दगड हलवताना आपण थोड्या जोरात मोठं काम करतो, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं शरीरातल्या तरफाही तशाच असतील. इटलीच्या बोरेल्लीनं सतराव्या शतकात हिशेब मांडून दाखवलं की बहुतेक ठिकाणी उलटं आहे. दंडाचा स्नायू कोपरापासून चारेक सेंटिमीटरवर जोडलेला आणि हातातलं वजन पस्तीस सेंटिमीटरवर. पाच किलोची पिशवी धरायला स्नायूला चाळीस किलोहून जास्त ओढावं लागतं. बदल्यात स्नायू थोडासा आखडला तरी हात लांबवर फिरतो. शरीरानं जोर देऊन वेग विकत घेतलाय.

याचा फटका कमरेला बसतो. ज्वारीचं वीस किलोचं पोतं गुडघे न वाकवता, कमरेत वाकून उचललं, तर वरच्या अंगाचं वजन आणि पोतं दोन्ही कमरेपासून लांब जातात, आणि त्यांना पेलणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर. ढोबळ हिशेबात स्नायूंना साडेतीनशे किलोच्या वर ओढ द्यावी लागते. पोतं अंगाशी घेऊन, गुडघ्यांत बसून उचललं तर हाच आकडा निम्म्यावर येतो. पोतं तेवढंच, फक्त अंतर बदललं.

आता मापाच्या प्रश्नाकडे जरा निगुतीनं जाऊ, कारण जीवशास्त्रातली अर्धी कोडी तिथे सुटतात. गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात एक हाड काढलंय आणि शेजारी त्याच्या तिप्पट लांबीचं हाड, मोठ्या प्राण्याला पेलवेल असं. दुसरं हाड नुसतं लांब नाही, बेढब जाड आहे. कारण प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट केला तर वजन आठपट होतं, पण हाडाचा छेद चौपटच. चिमणीच्या आकाराची नक्कल करून हत्ती बनवता येत नाही. मुंगी आपल्यापेक्षा जड ओझं नेते ते तिच्या अंगात काही अद्भुत शक्ती असते म्हणून नाही. ती लहान आहे म्हणून. पाल छतावरून पडते आणि चालू लागते, तेही त्याच हिशेबानं.

सोलापूरपासून जवळच नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, १९७९ सालचं. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो; उडणाऱ्या पक्ष्यांत तो सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक. चिमणी पंचवीस ग्रॅमची. म्हणजे वजन सहाशे पट. दोघांची ठेवण सारखी धरली तर लांबी साडेआठ पट आणि पंखांचं क्षेत्रफळ सत्तर पट. वजन सहाशे पट आणि पंख सत्तर पट, ही तूट भरायची कशी? हवेचा उचल देणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, तेव्हा माळढोकाला चिमणीच्या जवळपास तिप्पट वेगानं उडावं लागतं. आणि वळणाची त्रिज्याही वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे त्याला वळायला आठ पटींहून जास्त जागा लागते. हा ढोबळ हिशेब आहे, खरे पंख थोडे वेगळे असतात, पण दिशा बरोबर आहे.

आता अशा पक्ष्याच्या वाटेत विजेच्या तारा आणा. त्याला समोरचं थेट दिसणंही कमी असतं. तार दिसते तेव्हा अंतर थोडं राहिलेलं असतं, वेग जास्त असतो, वळायला जागा नसते. राजस्थान आणि गुजरातमध्ये माळढोक मरण्याचं तारांना धडकणं हे एक मोठं कारण ठरलं आहे. तारांवर पक्ष्यांना लांबून दिसतील अशा चकत्या लावणं किंवा तारा जमिनीखालून नेणं हे उपाय सुचवले जातात ते या हिशेबामुळेच. माळरानावर वाढलेल्या माझ्यासारख्याला हे समीकरण लिहिताना जड जातं. नान्नजच्या माळावर काळवीट अजून दिसतात. माळढोक मात्र दिसेनासा झालाय.

दुसऱ्या टोकाला जाऊ. मागावरचा धोटा पाहिलाय का? एका बाजूनं ठोका बसतो आणि धोटा ताण्याच्या धाग्यांमधून पार पलीकडे जातो. मधे त्याला कोणी ढकलत नाही; जडत्वावर जातो. विहिरीत सूर मारून हातपाय न हलवता चार-पाच हात पुढे जाणारा पोरगाही तसाच. आता त्याच पाण्यात ई. कोलाय नावाचा जिवाणू बघा. लांबी दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. तो सेकंदाला वीस-तीस मायक्रॉन पोहतो, स्वतःच्या लांबीच्या दहापटीहून जास्त. त्यानं पोहणं थांबवलं तर जडत्वावर किती पुढे जाईल? हायड्रोजनच्या एका अणूच्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं. म्हणजे जागच्या जागी थांबतो. एवढ्या लहान मापाला पाणी आपल्याला वाटतं तसं पातळ राहत नाही, चिकटपणा जडत्वाला पूर्ण गिळून टाकतो. हे आपल्याला अनुभवायचं असेल तर गुऱ्हाळावरच्या काकवीनं हौद भरून त्यात उतरावं लागेल, आणि तिथेही घड्याळाच्या तासकाट्याच्या टोकापेक्षा हळू हलावं लागेल.

अशा जगात पुढे-मागे हात मारून काहीच साधत नाही. पुढे गेलात तेवढेच मागे येता. जिवाणूनं काढलेली युक्ती वेगळी. त्याच्या शेपटीसारख्या तंतूच्या मुळाशी अक्षरशः फिरणारी मोटर असते आणि तंतू मळसूत्रासारखा फिरतो. तो फिरतो, नुसता वळवळत नाही, हे १९७३ मध्ये सिद्ध झालं. याहून लहान मापात, पेशीच्या आतल्या प्रथिनांपर्यंत गेलं, की रेणूंचे उष्णतेमुळे बसणारे धक्के सगळ्यावर हावी होतात, आणि रासायनिक बंध समजायला तर न्यूटन पुरत नाही, अणूंच्या जगाचे नियम सांगणारी पुंज यामिकीच लागते. नियमाची हद्द कुठे संपते ते माहीत असणं हाही ज्ञानाचाच भाग, म्हणून मुलांना हे मी आवर्जून सांगतो.

चिकटपणाचा हाच नियम यंत्रमागाच्या शेडमधल्या धुळीला लागतो. हवेत पडणारा बारीक कण लवकरच एका ठराविक वेगाला पोहोचतो आणि तो वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. स्टोक्सनं १८५१ मध्ये हे मांडलं. पाण्याइतक्या घनतेचा दहा मायक्रॉनचा कण सेकंदाला तीन मिलिमीटर खाली येतो, म्हणजे नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठ-नऊ मिनिटं. एक मायक्रॉनचा कण शंभर पट हळू: चौदा तास. तेही हवा अगदी स्थिर असेल तर. माग चालू असलेल्या शेडमध्ये हवा स्थिर कधी नसतेच, तेव्हा तो कण पुढच्या पाळीच्या माणसाची वाट बघत तरंगत राहतो.

नाकात काय होतं तेही बघा. नाकाची वाट वळणावळणाची. मोठा कण जडत्वामुळे वळू शकत नाही आणि भिंतीच्या ओल्या अस्तराला चिकटतो. माळढोकाला वळता येत नाही तसंच. इथे मात्र ते आपल्या फायद्याचं. बारीक कण हवेबरोबर प्रत्येक वळण घेतात आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. म्हणून रुमालाला लागलेली दिसणारी धूळ बघून समाधान मानू नये. जी दिसत नाही तीच खोल जाते. आणि शेड कोरड्या झाडूनं झाडली तर बसलेली बारीक धूळ पुन्हा चौदा तासांसाठी हवेत जाते. ओल्या फडक्यानं पुसून घेण्यामागे एवढं साधं गणित आहे.

आता त्या मुलीच्या वडिलांकडे येतो.

हार्वेनं १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडलं त्याच्या मुळाशी एक गुणाकार होता. आजचे आकडे घालू: हृदय एका ठोक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त फेकतं, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे दिवसाला सात हजार लिटरांच्या वर. गल्लीत येणारा पाण्याचा टँकर पाच हजार लिटरचा धरला तर दीड टँकर. एवढं रक्त रोज नव्यानं तयार होणं शक्य नाही. तेच तेच रक्त फिरत असलं पाहिजे. आणि हे काम करायला हृदयाच्या डाव्या बाजूला किती शक्ती लागते? दाब गुणिले प्रवाह केलं तर एक वॅटच्या आसपास. देव्हाऱ्यातल्या छोट्या एलईडी दिव्याइतकी, पण आयुष्यभर न विझता.

आता गच्चीवरची टाकी आठवा. तळमजल्याच्या नळाला जोर जास्त, वरच्या मजल्याला कमी. पाण्याचा दाब वरच्या स्तंभाच्या उंचीवर ठरतो. पाइप जाड की बारीक, याचा संबंध नाही. शिरांतलं रक्तही तसंच. एक मीटर उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा दाब ७८ मिलिमीटर पारा येतो. बीपी बघताना डॉक्टर दंड हृदयाच्या उंचीला ठेवायला सांगतात ते याचसाठी. दंड दहा सेंटिमीटर खाली गेला की आकडा आठनं वाढून दिसतो. जिराफाचं डोकं हृदयापासून दोनेक मीटर वर, म्हणून त्याचा रक्तदाब आपल्या जवळपास दुप्पट असतो.

माणूस स्थिर उभा राहिला की हृदयापासून घोट्यापर्यंतचा सगळा स्तंभ पायाच्या शिरांवर बसतो, नव्वदच्या आसपास. शिरांच्या भिंती पातळ असतात, धमन्यांसारख्या जाड नाहीत. मग रक्त वर जातं कसं? पोटऱ्यांमुळे. चालताना पोटरी आखडते, आतली शीर पिळली जाते, रक्त वर ढकललं जातं, आणि शिरांतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. लांब स्तंभाचे झडपांनी छोटे छोटे तुकडे होतात. चालत्या माणसाच्या घोट्याजवळचा दाब त्यामुळे नव्वदवरून तीसच्या आसपास उतरतो. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते उगीच नाही. मागावरचा माणूस दिवसभर उभा असतो, पण चालतो दोन-चार पावलं. स्तंभ तुटत नाही. वर्षानुवर्षं भिंती ताणल्या जातात, ताणल्या की झडपांच्या पाकळ्या एकमेकींना पोहोचत नाहीत, रक्त खाली गळतं, दाब आणखी वाढतो, भिंती आणखी ताणल्या जातात. यातून सुटण्याचे उपायही हिशेबातूनच दिसतात: स्तंभाची उंची कमी करा, पोटरी अधूनमधून चालवा, किंवा घट्ट मोज्यानं बाहेरून दाब द्या. यातलं कोणाला काय लागू पडेल ते डॉक्टरांनी ठरवायचं.

मी हे फळ्यावर काढलं त्या संध्याकाळी ती मुलगी शिवणकामाची टेप घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी वही दाखवली. वडील उभे असताना हृदयापासून घोट्यापर्यंत १ मीटर १८ सेंटिमीटर, दाब ९२. खुर्चीत बसल्यावर ८५ सेंटिमीटर, ६६. बसून पाय समोरच्या स्टुलावर घेतल्यावर ४० सेंटिमीटर, ३१. प्रत्येक आकड्यापुढे तिनं एकक लिहिलं होतं, जे ती परीक्षेत नेहमी विसरते.

"सर, घरात दोन स्टुलं आहेत," ती म्हणाली. "उंच होतं त्याच्यावर आई बसून विड्या वळायची. ते आता पप्पांना दिलंय. आईला छोटं."

मग जरा थांबून तिनं विचारलं, "आई पण दिवसभर पाय दुमडून बसते. तिचं कसं मोजायचं?"